आत्याची खोली दिसत नाही

पुणे,
७ जानेवारी २००२

प्रिय रोशनदादा,
सप्रेम जयभीम.

काल फोन मध्येच तुटला. मला कळलं ते असं:

१. फ्लॉपी पोचली.
२. भैय्यालालच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तू नकाशा उघडलास. घर दिसतं.
३. आत्याची खोली आणि तिच्यापुढची छपरी दिसत नाही. प्रिंटमध्येही नाही.
४. भैय्यालाल म्हणतो, फ्लॉपी खराब आहे.
५. उदाराम मिस्त्री लवकरच आखणीचा चुना टाकायला येणार आहे.

फ्लॉपी खराब नाही. असती तर काहीच उघडलं नसतं.

नकाशा एका कागदावर काढल्यासारखा दिसतो, पण तो तसा नसतो. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे त्यात थर असतात. त्यांना लेयर म्हणतात. भिंती एका लेयरवर, दारं-खिडक्या दुसऱ्यावर. आत्याची खोली, तिचं दार आणि छपरी मी मुद्दाम वेगळ्या लेयरवर ठेवली आहे, कारण ती आधी बांधायची आहे. जुनं घर उतरवल्यावर आत्याला तिथे राहता आलं पाहिजे. मागचं घर मग सावकाश चढेल. मिस्त्रीला खोलीचा वेगळा प्रिंट देता यावा, म्हणून ही सोय.

लेयरची यादी उघड. 'आत्या' या नावापुढे छोटा बल्ब आहे. तो विझलेला असेल. त्यावर क्लिक कर. बल्ब पिवळा होऊनही खोली आली नाही तर शेजारचं चिन्ह बघ. तिथे बर्फाचा कण दिसला तर लेयर गोठवलेला आहे. त्यावरही क्लिक कर.

अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांचा कचरा दिसला तर त्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नाही, एवढाच अर्थ. फॉन्ट सोबतच्या फ्लॉपीत पाठवते आहे.

एक सांगायचं राहिलं. छपरीला पायरी नाही, उतार आहे. आत्याच्या कमरेसाठी. मिस्त्री पायरीच बरी म्हणेल, ऐकू नकोस. जागा तिच्या नावावर आहे आणि तिने मागितलं आहे ते एवढंच: रस्त्याकडे उघडणारी खोली आणि विड्या वळत बसायला छपरी.

तुझी बहीण,
रंजिता

---

मुर्री,
१८ जानेवारी २००२

आमच्या अर्किटेक बाईंना रोशनदादाचा जयभीम!

बल्ब लागला. एक क्लिक, खोली हाजिर. आणखी एक क्लिक, खोली गायब. मी कितीतरी वेळा करून पाहिलं. भैय्यालाल म्हणे, "रोशनभाऊ, बच्चे की तरह काय खेळून राहिले? बाहर कस्टमर खडा आहे." घरी येऊन रेणूला सांगितलं, तर तुझी वहिनी म्हणते, "असा बल्ब घरातल्या मानसाईले बी असता तं लय बरं झालं असतं!" आत्या तिथंच बसून होती. ती पण हसली.

जुनं घर उतरवलं. आम्ही दोघं पोरं घेऊन भाड्याच्या खोलीत आहो. आत्या रुख्माबाईकडे. दोघी मैत्रिणी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या सांगते, "माह्या पोरीनं माही खोली कॉम्प्युटरात काढली हाये." पोस्टमनला पण सांगून झालं.

आता अडचण ऐक. उदारामनं प्रिंटवर टेप लावला. त्याच्या हिशोबानं स्वयंपाकघर जेमतेम सहा फुटाचं निघते. म्हणे, "बहिणीनं घर काढलं का बाहुलीचं लगन लावाचं हाये?" मी म्हटलं, काका, पुण्याची शिकलेली हाये. तर म्हणे, "मंग पुण्यातले लोकं बारके असतीन."

दुसरी अडचण. खोलीचा बल्ब विझवला की मागच्या घराची समोरची भिंत मधात फाकलेली दिसते. एकदम खराब दिसते. ती सरळ बंद कशी करायची ते पण लिही.

फॉन्ट टाकून घेतला. आता मराठी एकदम बराबर दिसून राहिलं.

रोशन

---

पुणे,
२७ जानेवारी २००२

प्रिय रोशनदादा,
सप्रेम जयभीम.

उदारामकाकांचं चुकलेलं नाही, प्रिंट चुकला आहे. प्रिंट काढताना 'कागदात बसव' हा पर्याय निवडला गेला. मग नकाशा कागदाएवढा आक्रसतो आणि प्रमाण जातं. ती खूण काढ आणि प्रमाण स्वतः भर. तरीही काकांना सांग, कागदावर टेप लावायचा नाही, लिहिलेला आकडा वाचायचा. आपल्याकडचे सगळे मिस्त्री कागद मोजतात. म्हणून तर प्रत्येक भिंतीवर मी माप लिहिलं आहे.

भिंतीतली फट ही चूक नाही. आत्याला तिच्या खोलीतून घरात यायचं ते दार आहे. दार तिच्या लेयरवर आहे; तो विझवला की नुसती मोकळी जागा उरते. रात्री तिने हाक मारली तर रेणूवहिनीला बाहेरून फिरून जावं लागू नये, म्हणून तिथे दार आहे.

ती जागा बंद करायची गरज नाही. शिकायचंच असेल तर: एक्स्टेंड निवड, पोचायची रेघ आधी दाखव, मग वाढवायची रेघ. भिंत जुळेल. जादा वाढलेला तुकडा ट्रिमने काप. हे मूळ फाइलवर करू नकोस. आधी प्रत कर आणि तिला वेगळं नाव दे.

पण बिनखोलीचा प्रिंट कोणाला हवा आहे, ते समजलं नाही. खोली आधी बांधायची आहे.

रंजिता

---

मुर्री,
९ फेब्रुवारी २००२

रंजिता,
जयभीम.

तू प्रश्न लय विचारतेस. मिस्त्री म्हणे दोन्ही प्रिंट जवळ असलेले बरे, एक असा, एक तसा. पाया सगळाच एकदम खोदू म्हणे, मजूर पुन्हा मिळत नाहीत. रोवणी-कापणीत सगळे शेतावर पळतात. तुझ्या ऑफिसात एसी असेल, इथं साइट आहे.

एक्स्टेंड जमलं. ट्रिम पण जमलं. भैय्यालाल म्हणतो, "रोशनभाऊ, राइस मिल बंद झाली तं झाली, मेरे यहाँ बैठो, नकाशे काढा." मस्करी करतो, पण मला हात बसला आहे खरा. तुझ्या दादालाही डोकं आहे, शिकवणारं कोणी मिळालं नव्हतं.

आता तीन गोष्टी सांग.

फाइल जड झाली. फ्लॉपीत मावत नाही. भैय्यालाल म्हणे, आतमध्ये नको असलेलं पडून आहे, ते कायमचं कसं काढायचं?

रस्त्याकडून मोठं तोंड ठेवायचं असलं, दहा फुटाचं, तर ते कसं काढायचं? मोटारसायकल आत घ्यायला पाहिजे.

आणि खाली कोपऱ्यात चौकट आहे, त्यात तुझं नाव आहे. ते तसंच राहू देतो. पंचायतीत शिकलेल्या मानसाचं नाव असलं की कोणी फालतूचं विचारत नाही.

आत्या बरी आहे. कंबर दुखते. परवा गाडीवर बसवून गोंदियाला दवाखान्यात नेऊन आणलं. मीच.

रोशन

---

पुणे,
१७ फेब्रुवारी २००२

प्रिय दादा,
जयभीम.

हात बसला हे वाचून बरं वाटलं. खरंच शिकायचं असेल तर पुस्तक पाठवीन.

फाइल हलकी करायला परज ही आज्ञा आहे. जे कुठेच वापरलेलं नाही तेवढंच ती काढून टाकते. ज्या लेयरवर एक रेघ जरी असेल, त्याला ती हात लावत नाही. तेव्हा निर्धास्तपणे वापर. आत्याची खोली तिच्या लेयरवर आहे तोवर तो लेयर जाणार नाही.

दहा फुटांच्या तोंडासाठी भिंतीची रेघ दोन ठिकाणी तोड आणि मधला तुकडा काढ. पण मोटारसायकलला चार फूट पुरतात, आणि पूर्वेच्या बाजूला फाटक मी दाखवलं आहेच. रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला दहा फूट मोकळे नाहीत. तिथे आत्याची छपरी आहे.

चौकटीतलं माझं नाव राहू दे, पण त्या नकाशात मला विचारल्याशिवाय बदल नको. नाव म्हणजे त्याखालची प्रत्येक रेघ मी काढली, असा अर्थ होतो.

आखणी झाली असेल. आत्याच्या खोलीचं जोतं कुठवर आलं ते कळव. फोटो मिळाला तर पाठव.

रंजिता

---

पुणे,
३० मार्च २००२

रोशनदादा,
जयभीम.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. सेंटरवर फोन केला की भैय्यालाल म्हणतो, "रोशनभाऊ साइट पर." दोनदा तुझा आवाज मागे ऐकू आला.

पंचायतीला प्रिंट दिल्याचं त्याच्याकडूनच कळलं. तो ज्या फाइलवरून काढला, ती फाइल फ्लॉपीत पाठव.

रंजिता

---

मुर्री
ता. १६ एप्रिल

माह्या रंजिता पोरीले आत्याचा जयभीम.

म्या सवताच्या हातानं लिहून राहिली. रुख्मा म्हने मी लिहून देतो, म्या म्हनलं नोको. अक्षर वाकडं हाये, समजून घेजो.

जयंतीले तू आली नाई. सुट्टी नसन. विहारात खीर होती. तुज्या वाट्याची रुख्मानं खाल्ली आन वरतून म्हने, पोरगी पुन्यात श्रीखंड खात असन.

घराच्या भिती खिडकीच्या वर गेल्या. समोर दुकानाचा गाळा होऊन राहिला. मोठं शटर लागनार हाये. माही खोली नाई दिसत. रोशनले इचारलं. तो म्हने, आत्या, कॉम्प्युटरात खोली बसत नोती, रंजितानंच काढली. मांग न्हानीजवळ टिनाची खोली करून देतो म्हने. टिनाखाली उनाळ्यात कशी राहीन, थे नाई बोलला. म्या बी नाई बोलली. पोरं हायेत त्याले, मिल बंद हाये.

पंचायतीत द्याच्या संमतीच्या कागदासंगं नकाशा होता. नकाशा मले काय समजते? पन खाली चौकटीत तुजं नाव होतं. साक्षरतेच्या वर्गात शिकली थे कामाले आलं. रं जि ता. बराबर वाचलं. तुजं नाव हाये म्हनून म्या सही केली. आंगठा नाई, सही.

मी रागावली नाई. तू शिकली हायेस. तू काढली असन तं काई कारन असन. मले फक्त येवढं सांग बाई, काऊन काढली?

जेवत जाय येळेवर.

तुजी आत्या
धुरपताबाई

---

मुर्री,
२८ एप्रिल २००२

रंजिता,

घे तुझी फ्लॉपी. सोबत पाठवून राहिलो. काय पाहायचं ते पाह.

फाइल कधी खराब झाली मला माहीत नाही. भैय्यालालच्या मशीनमध्ये व्हायरस होता. लाइट सारखी जाऊन राहिली होती. एकदा उघडली तर खोली नव्हतीच. पंचायतीची तारीख होती. जो होता तो प्रिंट काढून दिला. तुझंच सॉफ्टवेअर, तुझीच फ्लॉपी, तुझाच बल्ब. आता मला काऊन विचारून राहिलीस?

आणि समज, खोली नाहीच झाली. तर काय आभाळ पडलं? मिल बंद होऊन वर्ष झालं. समोर गाळा निघाला तर मी झेरॉक्स टाकतो, एक कॉम्प्युटर टाकतो. त्याच पैशातून आत्याची दवा होईल, की तू पुण्याहून पत्रातून गोळ्या पाठवशील? आईबाबा गेल्यावर आत्यानं आपल्याला वाढवलं हे मला शिकवू नको. तू दहावी झाल्यावर पॉलिटेक्निकला गेलीस, होस्टेलला गेलीस, पुण्याला गेलीस. तिच्याजवळ कोण राहिलं? रात्री कंबर धरून ओरडते तेव्हा उठते कोण? रेणू उठते. तू उठत नाहीस.

उद्या तुझं लग्न होईल. आपल्या घरी जाशील. हे घर माझ्या पोरांचं आहे. तू कागदावर चार रेघा मारल्या म्हणून घर तुझं होत नाही.

आत्यानं स्वतः सही केली. कोणी हात धरला नव्हता.

रोशन

---

पुणे,
८ मे २००२

रोशन,
जयभीम.

फ्लॉपी मिळाली. उघडली. व्हायरस नाही.

'आत्या' हा लेयर यादीत नाही. विझलेला नाही, गोठवलेलाही नाही. नाहीच. परज वापरलेल्या लेयरला हात लावत नाही, हे मी तुला लिहिलं होतं. म्हणजे आधी कोणीतरी खोलीच्या रेघा काही पुसल्या, काही भिंतींच्या लेयरवर नेल्या, लेयर रिकामा केला, आणि मग परज चालवली. लाइट गेल्यामुळे असं होत नाही. लाइट गेली तर फाइल उघडत नाही, किंवा आदल्या वेळची उघडते.

घरात यायच्या दाराची जागा एक्स्टेंडने जुळवली आहे. जादा रेघ ट्रिमने कापली आहे. काम स्वच्छ आहे. रस्त्याकडे दहा फुटांचं तोंड आहे, त्यावर शटर लिहिलं आहे. समोर पायरी आहे. सॉफ्टवेअर भिंत हरवू शकतं. हरवलेल्या भिंतीच्या जागी शटर काढत नाही.

तुझी पत्रं मी पुन्हा ओळीने वाचली. भिंत कशी जोडायची, कायमचं कसं काढायचं, दहा फूट कसे सोडायचे, नाव तसंच राहू देतो. मला वाटत होतं तू अडचणी विचारतो आहेस. मी नीट उत्तरं दिली. आत्याला चौकटीतलं माझं नाव वाचता आलं, कारण मराठी फॉन्ट मी पाठवला होता.

रात्री रेणूवहिनी उठतात, हे खरं आहे. मी उठत नाही, हेही खरं आहे. त्यांना बाहेरून फिरून जावं लागू नये म्हणूनच मधलं दार होतं. ते तू बुजवलंस. आता न्हाणीजवळच्या टिनाच्या खोलीत जायला त्यांना अंगण ओलांडावं लागेल, पावसाळ्यात चिखलातून. हे त्यांना सांगितलंस का? मिल बंद आहे आणि दुकान हवं, असं तू जानेवारीत लिहिलं असतंस तर गाळ्याला जागा होती. पूर्वेला, फाटकाच्या बाजूला, न्हाणी मागे सरकवून. एका संध्याकाळचं काम होतं. तू मागितलं नाहीस. माझ्याकडून शिकून आत्याचं काढून घेणं तुला सोपं वाटलं.

घर माझं नाही. ते मी कधी म्हटलंही नाही. जागा आत्याची आहे.

आता काय करता येईल ते सांगते. स्लॅब अजून पडलेली नाही. तुझा गाळा आणि आत्याची खोली यांची मापं तीच आहेत, आकडे बदलायचे कष्ट तू घेतले नाहीस. म्हणून पाडायचं फारसं काही नाही. शटरच्या जागी भिंत आणि तीन फुटांचं दार, मागची जोडलेली भिंत फोडून पुन्हा दार, पायरीच्या जागी उतार. पुढे छपरीचे दोन खांब. उदारामकाकांना आठवड्याचं काम आहे. पूर्वेच्या गाळ्याचा नकाशाही सोबत आहे. तो लहान आहे, पण झेरॉक्सचं मशीन आणि एक कॉम्प्युटर त्यात बसतं. मी मोजून पाहिलं.

दोन्ही नकाशे या वेळी ट्रेसिंग कागदावर शाईने हाताने काढले आहेत. फ्लॉपी पाठवलेली नाही. एक प्रत रुख्माबाईंच्या पत्त्यावर गेली आहे, एक उदारामकाकांकडे. काकांना टेप लावू दे. हा कागद मोजला तरी बरोबर निघेल.

आत्याच्या पत्राला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. तिने विचारलं आहे, खोली काऊन काढली. तिला वाटतं, मी काढली म्हणजे काही कारण असेल. कारण तुला माहीत आहे. ते तू तिच्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने सांगायचं आहे. मी लिहिलं तर ती पत्र घडी घालून ठेवेल आणि तुला काही बोलणार नाही. पोरं आहेत त्याला, असंच म्हणेल.

तू सांगणार नसशील, तर सव्वीस तारखेला मी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघते. आत्याला घेऊन पंचायतीत जाईन. मी लिहून देईन की हा नकाशा माझा नाही. तिला वाटलं तर ती लिहून देईल की तिची संमती या नकाशाला नव्हती. ती सही करू शकते.

तू तिला काय सांगितलंस आणि भिंत कधी फोडणार, एवढंच लिही. उत्तर शनिवार, २५ मेपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.

रंजिता